खोलीभर पहारा

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नाही. बाबा देवगड बंदरातल्या ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे होडीवरचे मुख्य. इंजिनाच्या धडधडीतून खलाशांना हाक पोचवायची तर आवाज बेंबीच्या देठापासून काढावा लागतो. पुढे होडी सुटली, आवाज काही सुटला नाही. चहात साखर कमी पडलीय हे ते अशा सुरात सांगतात, की रस्त्यावरचा माणूस आमच्या दगडी गडग्यापाशी थबकून आत बघतो. धाकटा भाऊ सर्वेश तसाच, आणि मीही काही कमी नाही. नवख्या पाहुण्याला वाटतं, आता ही माणसं एकमेकांच्या झिंज्या उपटणार. आम्ही त्या वेळी बांगड्यांचं तिखलं करायचं की ते तळायचे, एवढंच ठरवत असतो.

अशा घरात कुणी हळू बोललं, की आम्हाला पहिला संशय येतो तो हा, की हे माणूस काहीतरी लपवतंय. सर्वेशनं खारेपाटणची सृष्टी लग्न करून आणली, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला होता. ही पोरगी आतल्या गाठीची आहे. बोलते ते तोंडातल्या तोंडात, शेजारच्या खोलीत मूल झोपलंय असं. मी दोनदा "काय?" विचारायची, तिसऱ्यांदा चिडायची. मग ती हसायची आणि निघून जायची. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

आणखी एक राग होता, तो सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी ठाण्यातला संसार मोडून माहेरी परत आलेली बाई. परत आलेल्या लेकीनं आपण होऊन ताटावर बसलं की ती आयतोबा ठरते, अशी माझी समजूत. त्यामुळे कुणी "जेवायला ये" म्हटल्याशिवाय उठायचं नाही, असा नियमच मी स्वतःला घालून घेतला होता. आई होती तोवर हाका मारून मारून घसा कोरडा करायची. आई गेली, सृष्टी आली आणि हाका बंद झाल्या. ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची, जायची, आणि थोड्या वेळानं टेबलावर झाकलेलं ताट असायचं. ते गार जेवण मी तिच्या नावानं बोटं मोडत जेवायची. या घरात तोंडानं बोलावण्याइतकीही माझी किंमत नाही, असं मला वाटायचं. आणि वाटलेलं मनात ठेवायची सवय मला नाही, म्हणून ते मी सर्वेशला चारदा ऐकवलंही होतं.

माझं काम म्हणजे ऐकणं. पुण्याची एक कंपनी पुस्तकं वाचून घेते, रेकॉर्ड करते आणि लोकांना ऐकायला देते. वाचणारी माणसं वेगळी. त्यांनी वाचलेलं बाहेर जायच्या आधी कुणालातरी शब्द न् शब्द तपासावा लागतो. कुठे शब्द चुकला, कुठे खुर्ची करकरली, कुठे जिभेचा 'टिक' असा आवाज आला, ते शोधून कळवायचं. समोर पुस्तकाचं पान, कानाला हेडफोन आणि पुढ्यात लॅपटॉप. आपल्या लेकीबद्दल बाबा कुणालाही सांगताना म्हणतात, "आमच्या चेडवाक गोष्टी आयकूचो पगार गावता." म्हणू देत. ठाण्याहून मी दोन बॅगा आणि एक तापट स्वभाव एवढंच घेऊन आले होते. या कामानं मला पुन्हा माणसात आणलं. कंपनीतले गाडगीळ एकदा म्हणाले होते, "रश्मीताई, तुमच्या कानातून मुंगी सुटत नाही." ते वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवत होते.

मग एक दिवस त्याच गाडगीळांचा मेसेज आला. मी तपासून पुढे पाठवलेल्या एका कादंबरीबद्दल ऐकणाऱ्यांच्या तक्रारी होत्या. एका प्रकरणात जागोजागी टिकटिक. आणि दुसऱ्या एका ठिकाणी पुस्तकात होतं 'खोलीभर पसारा होता', वाचणाऱ्यानं वाचलं होतं 'खोलीभर पहारा होता', आणि मी ते तसंच जाऊ दिलं होतं. लोकांनी म्हणे त्यावर विनोद केले. मेसेजच्या शेवटी गाडगीळांनी सभ्यपणे लिहिलं होतं, की असं पुन्हा झालं तर आपल्याला कामाचा फेरविचार करावा लागेल.

मी संतापले. ते प्रकरण पुन्हा लावलं, कान टवकारून ऐकलं. टिकटिक नव्हती. आणि ते वाक्य मला चक्क 'पसारा' असंच ऐकू आलं. म्हणजे दोष माझा नाही, लॅपटॉपचा, असं मी ठरवलं. त्याचा आवाजच मेला मिळमिळीत. पूर्ण वाढवला तरी सगळं गोणपाटाआडून बोलल्यासारखं. कंपनीनं दिलेला हेडफोन जाडजूड, स्टुडिओत वापरतात तसला. मी माहिती काढली. अशा हेडफोनला जोर जास्त लागतो, लॅपटॉपच्या भोकातून तेवढा मिळत नाही, म्हणून मध्ये एक बाहेरचा अँप्लिफायर जोडतात. मी तो मागवला.

काळी, खोबऱ्याच्या वाटीएवढी डबी. मागे वायर, ती लॅपटॉपला. पुढे हेडफोनची जागा आणि आवाजाचं गोल बटण. जोडला, बटण फिरवत गेले, आणि एका जागी येऊन थांबले. काय सांगू! वाचणारी बाई समोर येऊन बसली. तिचा श्वास, पान उलटल्याचा आवाज, सगळं लखलखीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडगीळांनी बोल लावला होता मला, आणि दुखणं होतं त्या भोकात.

सर्वेशचं एसटी स्टँडजवळ मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला न विचारता कुणी वायरीचा तुकडा जरी आणला तरी त्याच्या पोटात दुखतं. त्यानं डबी उलटीपालटी करून बघितली आणि नाक मुरडलं.

"ह्या कित्याक हाडलंस? लॅपटॉपाचो आवाज बरोबर आसा. मी आयकलंय तो."

"खंयच्या हेडफोनान आयकलंस?"

त्यानं खिशातनं कानात घालायची आपली इवलीशी बोंडं काढून दाखवली.

"ती बोंडां नि ह्यो हेडफोन एक?" मी ओरडले. "ह्येका जोर लागता, रे!"

"सगळो भास. लोक पैशे घालतत नि मगे तेंका बरा वाटाक लागता. आवाज मोठो झालो काय माणसाक वाटता, चांगलो झालो. तू डोळे मिटून बस, सांग बघूया खंयचो लॅपटॉपाचो नि खंयचो डबयेचो."

बाबांना कुठलीही पैज आवडते. ते आरामखुर्ची ओढून मध्ये बसले. सृष्टी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिला मी बोलावलं नव्हतं.

मी खिडकीकडे तोंड करून बसले. सर्वेश पाठीमागे. तो कधी हेडफोन लॅपटॉपात खुपसायचा, कधी डबीत. मी एकच अट घातली होती. डबीचं बटण मी लावलंय त्या जागेवरून हलवायचं नाही. लॅपटॉपचा आवाज तुला वाटेल तेवढा वाढव. त्यानं तो पूर्ण वाढवला.

"लॅपटॉप," मी म्हटलं. "डबी. डबी. लॅपटॉप. मेल्या, पुन्हा लॅपटॉपच लावलंस मां?"

एकही चुकलं नाही. बाबांनी मांडीवर थाप मारली. "हरलंस, झिला! तिचो कान माझो आसा!" सर्वेशचं तोंड पाडलेल्या कैरीसारखं झालं. मी हेडफोन काढून त्याच्या हातात ठेवला आणि जिंकलेल्या माणसाला शोभेल अशी तंगडी पसरून बसले. भावाला हरवण्यात जे सुख आहे, ते ज्यांना भाऊ आहे त्यांनाच कळेल.

"बघूया काय मोठा आसा तां," असं पुटपुटत त्यानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. वाचन चालूच होतं, डबी जोडलेलीच होती, बटण माझ्या जागेवर.

त्यानं चटका बसल्यासारखा हेडफोन ओढून काढला. तो खाली पडला असता, सृष्टीनं पुढे होऊन धरला.

"गो, येदो मोठो?" तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. "येदो मोठो आयकतंस तू?"

"मोठो खंय? बरोबर आसा."

"कानाचे पडदे फाटतले, ताय. माझो कान अजून सुन्न आसा."

मी हसले. हरला की काहीतरी खोट काढायची त्याची लहानपणापासूनची खोड आहे, असं म्हटलं. तो नेहमीसारखा उसळून अंगावर आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो आला नाही. त्यानं सृष्टीकडे बघितलं. सृष्टीनं त्याच्याकडे बघितलं. मग तो दुकानाला निघून गेला, आणि बाबा एकटेच बराच वेळ पैज जिंकल्याची गोष्ट मोठमोठ्यानं सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळभर मी कामाला हात लावला नाही. ते दोघांचं बघणं डोक्यातून जाईना. काय समजतात हे मला? शेवटी म्हटलं, सोक्षमोक्ष लावूया. तक्रार आलेलं ते प्रकरण काढलं. ते दुसऱ्या कुणाला तरी ऐकवायचं, त्यालाही काही ऐकू आलं नाही की गाडगीळांना ठणकावून लिहायचं. पण घरात होतं कोण? सर्वेश दुकानात. बाबांना समोरून येणारी एसटी ऐकू येत नाही. उरली सृष्टी. मला तिची मदत नको होती. पण दुसरं माणूस नव्हतं, म्हणून हाक मारली.

ती हात पुसत आली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं आधी डबीकडे हात नेला आणि बटण खाली खाली आणलं, इतकं खाली की मला वाटलं बंदच केलं.

"येवढ्यात आयकाक येता तुका?"

तिनं मान हलवली. प्रकरण सुरू केलं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. थोड्या वेळानं तिनं बोट वर केलं. मग पुन्हा. मग पुन्हा. जणू भुईमूग निवडताना खडा लागावा तसं तिचं बोट सारखं वर होत होतं.

"काय झाला?"

"टिक," ती म्हणाली. मी तिच्या ओठांवरून ओळखलं.

मी तिला उठवून स्वतः खुर्चीवर बसले, हेडफोन घेतला, तीच जागा पुन्हा लावली. काही नाही. बटण माझ्या जागेवर नेलं. वाचणारीचा आवाज घणघणला, टिक नाही. मग मी बटण पुढे फिरवलं, आणखी पुढे, ते संपेपर्यंत. शब्द कानात आदळू लागले, डोकं दुखायला लागलं. सृष्टीला नुसतं शेजारी उभं राहूनही ते ऐकू येत होतं, कारण तिचं बोट तेवढ्यात पुन्हा वर झालं. माझ्या कानाला लावलेल्या हेडफोनमधला आवाज तिला बाहेरून ऐकू आला, आणि मला आतून आला नाही.

मी त्या दुसऱ्या वाक्यावर गेले. 'खोलीभर पसारा होता.' मी पानावर हात ठेवून शब्द झाकला, आणि डोळे मिटून ऐकलं. तिथे काही 'पसारा' नव्हता. 'पहारा'ही नव्हता. तिथे 'प', मग काहीतरी पुसट, मग 'रा' एवढंच होतं. बाकीचं आजवर मी पानावरून वाचत होते आणि मला वाटत होतं, मी ऐकतेय.

मी हेडफोन काढला. सृष्टी माझ्या समोर आली, गुडघे टेकून बसली, म्हणजे तिचं तोंड बरोबर माझ्या तोंडासमोर आलं, आणि नेहमीच्याच आवाजात पण सावकाश म्हणाली, "ताई, माका ठावक होता."

"काय ठावक होता?"

"तुमका कमी आयकाक येता तां. ह्येंका मी कधीच सांगलंय. ह्ये म्हणाले, वेडी काय तू, ताय आमची आयकूचाच काम करता."

"तुका कसा कळला?"

"ह्या घरात हळू बोलणारा माणूस मी एकटाच मां. बाकी सगळे आराडतत. तेंचा तुमका आयकाक येता."

मला राग यायला हवा होता. तो माझा हक्काचा, पण आला नाही. मी एवढंच विचारू शकले, की मग तू माझ्याशी मोठ्यानं का नाही बोललीस.

"बोललंय दोन-तीनदा. तुम्ही म्हणालात, माझ्या अंगार कित्याक येतंस." आणि मग, काही सिद्ध करायचं नाही अशा साध्या सुरात ती म्हणाली, "जेवूक बोलवतानाही मोठ्यान हाक मारूक बघलंय. पण माझो आवाजच निघणा नाय तेवढो. म्हणान मी दारात येय होतंय. तुम्ही हेडफोन काढून बसलात काय म्हणा होतंय, ताई, जेवूक येवा. तुम्ही बघा होतात माझ्याकडे, नि मगे तोंड फिरवा होतात. माका वाटला, तुमका माझ्या हातचा जेवाण नको."

म्हणजे गेलं सगळं वर्ष, दीड वर्ष, ही पोरगी रोज दुपारी आणि रोज रात्री दारात येऊन मला जेवायला बोलवत होती. मी रोज तिच्या तोंडावर तोंड फिरवत होते. आणि ती तरीही ताट वाढून, झाकून ठेवत होती. मी रडले. मला शोभत नाही, पण रडले, आणि रडताना सुद्धा माझा आवाज एवढा मोठा निघाला, की बाबा काठी टेकत आले आणि "काय झाला? कोण गेला?" म्हणून ओरडायला लागले.

त्यांना काय झालं ते सांगायला सृष्टीचा आवाज पुरला नाही. मलाच ओरडून सांगावं लागलं. "बाबानू, माका आयकाक येणा नाय!" असं मी माझ्याच घरात, भर दुपारी, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यांदा म्हटलं. बाबांनी ते ऐकलं, पण त्यांना ते काही विशेष वाटलं नाही. "म्हाताऱ्या माणसाक खंय येता?" एवढंच म्हणून ते परत जाऊन बसले. मी त्यांच्याहून सत्तावीस वर्षांनी लहान आहे.

कणकवलीला कान तपासायला सर्वेश घेऊन गेला. स्कूटरवरचा तो आम्हा भावंडांच्या आयुष्यातला सर्वांत शांत प्रवास असेल. तपासणारी मुलगी तरुण होती, तुबा तिचं नाव. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातला, हातात एक बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. सुरुवातीला जाड, घोगऱ्या शिट्ट्या आल्या, त्या मी टिपल्या. मग त्या बारीक होत गेल्या. मग काहीच येईना. मी काचेतून तुबाच्या हाताकडे बघू लागले, तिचा हात हलला की बटण दाबू लागले. तिनं उठून मला उलट्या बाजूला तोंड करून बसवलं. शाळेतही मला कॉपी करताना कुणी इतक्या शांतपणे पकडलं नव्हतं.

बारीक, टोकदार आवाज दोन्ही कानांतून गेलेत, ती म्हणाली. डाव्यातून जास्त. घराण्यातून आलं असेल, वडिलांचंही नुसतं इंजिनामुळे नसेल. त्यात वर्षानुवर्षं मोठ्यानं ऐकण्याची भर पडलीय. स, श, फ असे उच्चार त्यामुळेच पुसट होतात, आणि हळू बोलणारी माणसं पुटपुटतात असं वाटतं.

मी शेवटचा प्रयत्न म्हणून तिला डबीबद्दल सांगितलं. "पण अँप्लिफायर लावल्यावर सुधारलं होतं हो. खूपच सुधारलं होतं."

"सुधारलं असणारच," तुबा म्हणाली. "जेवढं तुम्हाला येतं तेवढं मोठं झालं. जे येत नाही ते कसं मोठं होईल? आणि तेवढ्या मोठ्यानं ऐकलंत तर आहे तेही जाईल. कानाला यंत्र लावूया. बोलणं बरंच उलगडेल. पण तुमचं ते टिकटिक शोधायचं काम..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तरी मी ते तिच्या चेहऱ्यावरूनच ऐकलं असतं.

घरी आल्यावर सर्वेशनं एक गोष्ट केली. माझा जाडजूड हेडफोन घेतला, लॅपटॉपला लावून ऐकला, मग डबीला लावून, बटण अगदी खाली ठेवून ऐकला. दोन-तीनदा अदलाबदल केली. मग माझ्यासमोर येऊन, सृष्टीसारखा तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "डबयेचो चांगलो आसा. लॅपटॉपाक खराच जोर नाय. तू बरोबर होतंस." भांडणात हार कबूल करायची त्याची ही पहिली वेळ. मला ती जीत नको होती. डबी खोटी निघाली असती आणि माझे कान खरे, तर किती बरं झालं असतं.

आता गाडगीळांना सांगणं उरलं होतं. सर्वेश म्हणाला, घाई कशाला? यंत्र येऊ दे, तोवर सृष्टी ऐकेल, तू लिहून पाठव, त्यांना कुठे कळतंय. सृष्टी त्यावर काही बोलली नाही, किंवा बोलली असेल. दोन दिवस मी तसाच विचार केला. खरंच कुणाला कळलं नसतं. पण मग मला त्या माणसांची आठवण यायची, ज्यांना वाचता येत नाही म्हणून ती ऐकतात. डोळे गेलेली, अंथरुणाला खिळलेली. एखादा कुणीतरी कान लावून पडलाय आणि त्याला सांगितलं जातंय, खोलीभर पहारा होता. त्याच्यासमोर पान नाही. त्यानं कुणावर विश्वास ठेवायचा? माझ्या कानांवर ठेवला होता त्यानं, आणि गेल्या दीड वर्षात मी पास केलेली किती पुस्तकं त्याच्यापाशी गेली असतील. ती सगळी पुन्हा तपासायला हवीत, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मेसेज लिहायला घेतला तर तो फार छान जमू लागला. तब्येतीच्या कारणास्तव, काही काळ, वगैरे. मी तो पुसून टाकला. फोन उचलला आणि मागच्या दारी, आंब्याखाली जाऊन उभी राहिले. सृष्टी माझ्यामागोमाग येऊन पायरीवर बसली. मी तिला जा म्हटलं नाही.

"हॅलो, रश्मीताई! बोला, बोला." आणि पुढे गाडगीळ काहीतरी भराभर बोलले. कुठेतरी प्रश्न होता, कारण शेवटी सूर वर गेला.

असे प्रसंग मला नवे नव्हते. फोनवरचं कळलं नाही की मी देवगडच्या रेंजला यथेच्छ शिव्या घालायची, आणि समोरचा बिचारा म्हणायचा, हो हो, तुमच्याकडे तो त्रास आहेच. सगळं कोकण माझ्या मदतीला होतं. तेवढ्यात गाडगीळांनीच मला ती वाट दिली. "हॅलो? आवाज येतोय ना? रेंज नाही वाटतं तुमच्याकडे..." हे मात्र मला नीट ऐकू आलं, कारण ते ओरडले होते.

"रेंज चांगली आहे," मी म्हटलं. "रेंजचा काही दोष नाही, गाडगीळ. मला ऐकू कमी येतं. तुमच्या त्या तक्रारी खऱ्या होत्या. आणि त्या एकाच पुस्तकाचं नाही, गेल्या दीड वर्षातली माझी सगळी पुस्तकं कुणाकडून तरी पुन्हा ऐकून घ्या."

मी फोन कानावर दाबून धरला. पलीकडून काहीच आलं नाही. ते गप्प झाले होते, की हळू आवाजात काही बोलत होते, ते मला कळेना.